सगळ्यांत मागून येणारा एळुमलै

मलेशियातल्या आमच्या गोपेंग गावच्या सोमवारच्या हॅशमध्ये, म्हणजे पळणाऱ्यांच्या क्लबात, एळुमलै पहिल्यांदा आला तो मेंबर म्हणून नव्हे, कागदाचं पोतं उचलायला.

हे सत्त्याहत्तर सालचं. चेआह तेव्हा आमचा म्होरक्या होता. मोजणी खात्यात सर्व्हेअर, उंच, किडकिडीत, चष्म्याला मागून दोरी बांधलेला. त्याच्या हाताखाली साखळी धरायला जी चार माणसं होती त्यातला एक एळुमलै. चोवीस वर्षांचा असेल. कंबरेला कोयता, पायात कॅनव्हासचे बूट, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

खेळ तसा साधा. ज्याची पाळी असेल तो ससा. त्यानं आदल्या दिवशी जाऊन रबराच्या बागांतून, टेकडीवरून, कथलाच्या जुन्या खाणींतून कागदाच्या कपट्यांची वाट टाकून यायची. सोमवारी साडेपाचला बाकीच्यांनी कुत्री व्हायचं आणि ती वाट हुंगत पळायचं. मध्येच वाट तुटते. ससा मुद्दाम दोन-तीन खोट्या वाटा काढून ठेवतो. खोटी वाट शंभरेक पावलांवर कागदाच्या फुलीशी संपते, म्हणजे मागे फिरा. खरी सापडली की सापडलेला बोंबलतो, ‘ऑन ऑन!’, आणि सगळी टोळी त्याच्या मागे. तासाभरानं जिथून निघालो तिथेच परत. तिथे लॉरी उभी, लॉरीत बर्फाचं टप आणि टपात बियरच्या बाटल्या. मग गोल करून उभं राहायचं. म्होरक्या एकेकाला गोलात ओढणार आणि कुठल्या तरी गुन्ह्याची शिक्षा देणार. नवे बूट घालून आला, सगळ्यांच्या आधी पोचला, बायको वाट बघते म्हणून लवकर निघाला, काहीही चालतं. शिक्षा एकच, भरलेला मग एका दमात रिकामा करायचा. नाही जमलं तर उरलेली स्वतःच्या डोक्यावर ओतून घ्यायची. वर चारचौघांत म्हणता येणार नाहीत अशी गाणी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गोऱ्या साहेबांनी क्वालालंपूरला हे सुरू केलं. साहेब गेले, आम्ही तसंच चालू ठेवलं. त्यात चिनी दुकानदार, पंजाबी फौजदार, मी सिलोनी तमिळ शाळामास्तर, सगळे.

एळुमलै त्या ‘सगळ्यां’त नव्हता. चेआहची पाळी आली की वाट टाकायला हा पुढे. झुडपं तोडायची, पोतं वाहायचं, फुल्या मांडायच्या. हळूहळू पाळी कुणाचीही असली तरी एळुमलैलाच बोलावू लागले. जंगल त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. सोमवारी आम्ही पळायला सुटलो की तो सगळ्यांच्या मागून चालत निघायचा. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मोजणीत शेवटचा माणूस साखळी गुंडाळत मागून येतो, तशी सवय असेल असं आम्ही धरून चाललो. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला धाप लागली, की मागून एळुमलै यायचा, काठी तोडून द्यायचा आणि सावकाश घेऊन यायचा. तो लॉरीच्या मोकळ्या जागेवर पोचेपर्यंत आमची दुसरी बाटली चालू झालेली असायची. टायरच्या दुकानाचा मालक थाम ओरडायचा, “अरे एळुमलै, आलास? बर्फ संपलाय बघ!”

तो बर्फ फोडून टपात टाकायचा आणि लॉरीच्या मागच्या चाकापाशी जाऊन बसायचा. घरून येताना स्वतःच्या पैशानं घेतलेली सारसीची बाटली, ते काळं गोड सोडावॉटर, तो तिथे बसून प्यायचा. बियर त्याला कुणी देऊ केली नाही आणि त्यानं मागितली नाही. अशी नऊ वर्षं गेली.

मीही तमिळ, तोही तमिळ. पण माझे आजोबा जाफन्याहून रेल्वेत कारकून होऊन आले, आणि त्याचे रबराच्या मळ्यात चीक गोळा करायला. आमच्या घरी मळ्यातल्या माणसाचा पेला वेगळा ठेवलेला असायचा. मी शिकलो-सवरलो, शाळेत समता शिकवली, आणि सोमवारी त्याला लॉरीच्या चाकापाशी बसलेला पाहिलं. मला त्यात काही खटकलं नाही. हे आधीच सांगून टाकतो.

शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये फिलिप डिक्रूझ नावाचा एक माणूस आमच्यात आला. मलाक्काचा, बँकेत बदलून आलेला, पस्तिशीचा. बायको आणि दोन मुली शाळेमुळे तिकडेच राहिल्या होत्या. संध्याकाळी खोलीवर एकट्याला कंटाळा यायचा, म्हणून त्याच्या मॅनेजरनं त्याला आमच्याकडे पाठवलं. आवाज असा की त्याचे पहिले दोन सोमवार आम्ही पळणं विसरून त्याला गायलाच लावलं.

त्याच्या चौथ्या सोमवारची वाट एळुमलैनं रविवारी टाकली, गावामागच्या टेकडीवर, जुन्या खाणीच्या अंगानं. सोमवारी तो स्वतः मात्र आला नाही. त्याच्या आईचं, पाक्यम्माचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, इपोच्या इस्पितळात. सोमवारी दुपारी पाऊसही सडकून झाला. चेआह म्हणाला, “कागद भिजले असतील, पण दिसतील. चला.”

आम्ही पळालो. एका फाट्यावर वाट तुटली तेव्हा तिघं-चौघं डावीकडे गेले, बाकीचे उजवीकडे. उजवीकडून ‘ऑन ऑन’ आलं तसे सगळे तिकडे धावलो. मोकळ्यावर आलो, बाटल्या उघडल्या, गोल झाला. त्या दिवशी थामचा वाढदिवस होता, त्यामुळे गाणी जरा जास्तच झाली. आठच्या सुमारास पांगापांग झाली. फिलिपची निळी गाडी मोकळ्यावरच्या वडाखाली उभी होती. ती मी पाहिली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या गाडीतून नूडल्स खायला गेला असेल. थामलाही तसंच वाटलं, चेआहलाही. प्रत्येकाला वाटलं की तो दुसऱ्याबरोबर आहे.

मंगळवारी सकाळी नऊला बँकेचा शिपाई चेआहच्या ऑफिसात आला. डिक्रूझसाहेब कामावर आले नाहीत, खोलीवरही नाहीत. चेआहनं मला शाळेत फोन केला. “मास्तर, गाडी अजून तिथेच आहे,” एवढंच तो म्हणाला.

जीप पाठवून एळुमलैला इस्पितळातून आणलं. आईच्या डोळ्यावर पट्टी, तिला नर्सच्या हवाली करून आला. मोकळ्यावर उतरल्यावर त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि चढ चढायला लागला. मी, चेआह आणि थाम त्याच्या मागे. फाट्यावर येऊन तो थांबला.

“डावीकडे कोण कोण गेलं होतं?”

“तीन-चार जण,” थाम म्हणाला. “पण परत आले सगळे.”

“मोजले होते का?”

थामनं चेआहकडे पाहिलं.

एळुमलै डावीकडच्या वाटेनं निघाला. शंभर पावलं झाली, सव्वाशे झाली. जिथे फुली असायला हवी होती तिथे पाण्याचा लोट येऊन गेलेला होता, नुसता गाळ आणि पालापाचोळा. एक कपटासुद्धा शिल्लक नव्हता. तो तिथे उकिडवा बसला आणि बोटांनी गाळ चाचपू लागला.

“इथं मांडली होती,” तो म्हणाला. “माझ्या हातानं मांडली होती. खोलगट जागा आहे, पाणी येणार हे मला कळायला पाहिजे होतं.”

“उठ, एळुमलै,” चेआह म्हणाला. “ते नंतर.”

तिथून पुढे साठ-सत्तर पावलांवर खाणीच्या वेळचा एक जुना चर होता, दोन पुरुष खोल, वरून नेच्यांनी झाकलेला. फिलिप त्यात पडला होता. जिवंत होता. कंबर मोडली होती, ओठ पांढरे पडले होते. एळुमलै मुळ्या धरून खाली उतरला. मला म्हणाला, “मास्तर, तुम्ही पळा, माणसं आणा, दोन लांब बांबू आणा.” चेआह आणि थाम दोर आणायला जीपकडे धावले. अर्धा तास खाली त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

आम्ही शर्ट बांबूंना बांधून डोली केली आणि त्याला खाली आणलं. जीपमध्ये ठेवताना फिलिपनं एळुमलैचं मनगट सोडलं नाही, म्हणून तोही मागे चढला. पोटात रक्तस्राव झाला होता. गुरुवारी पहाटे फिलिप इस्पितळातच वारला. त्याची बायको मरीना बुधवारी पोचली होती, पण तोवर त्याची शुद्ध हरपली होती.

पुढचा सोमवार कुणी पळालं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी चेआहनं सगळ्यांना त्याच वडाखाली बोलावलं. पळायचं नव्हतं, नुसतं जमायचं होतं. बत्तीस जण आले. फिलिपसाठी मिनिटभर उभे राहिलो. मग चेआहनं एळुमलैला लॉरीमागून बोलावून गोलात उभं केलं.

“नऊ वर्षं हा आपल्यासाठी वाटा टाकतोय,” चेआह म्हणाला. “आजपासून एळुमलै आपला मेंबर. वर्गणी कायमची माफ. कुणाची हरकत?”

हरकत कुणाची असणार. टाळ्या झाल्या. जरा जास्तच झाल्या. आम्हा सगळ्यांनाच काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायला हवं होतं. थामनं बियरचा मग काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. नव्या मेंबरला पहिला मग प्यावाच लागतो, तो रिवाज. कुणीतरी गाणं सुरू केलं.

एळुमलै मग हातात धरून उभा राहिला. गाणं संपलं तरी तसाच. थाम हसत म्हणाला, “अरे पी की! औषध नाहीये ते.”

“मला एक सांगायचंय,” एळुमलै म्हणाला. नऊ वर्षांत त्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. “चरात डिक्रूझसाहेब माझ्याशी बोलले. ते म्हणाले, तुमची गाणी त्यांना ऐकू येत होती. सगळी. वाढदिवसाचंसुद्धा. ते हाका मारत होते. मग गाणी थांबली, गाड्या सुरू झाल्या, तेही ऐकू आलं. त्यांनी गाड्या मोजल्या.”

आमच्यापैकी कुणाला कुणाकडे पाहवेना. थामनं तोंड फिरवलं.

“फुली माझी होती,” एळुमलै म्हणाला. “तो दोष माझा. तुम्हाला बोलत नाही मी. पण एक मागतो. शेवटचा माणूस आत आल्याशिवाय बाटली उघडायची नाही. मोजून.”

“नाही उघडणार,” चेआह म्हणाला.

“आणि मी पीत नाही. घरी तसं आहे.”

एवढं बोलून त्यानं मग उचलला आणि सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता, स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला. बियर केसांतून, डोळ्यांवरून, गळ्यात उतरली. त्यानं डोळे मिटले नाहीत. मग रिकामा मग उलटा करून थामला परत दिला, रिवाजाप्रमाणे.

त्या दिवसापासून आमच्याकडे मोजणी सुरू झाली. सुरुवातीला कुरकुर झाली. बियर पिणाऱ्या लोकांना टपात बुडालेल्या बाटल्यांकडे बघत अर्धा-पाऊण तास घाम पुसत बसवणं सोपं नसतं. एकदा एक दंतवैद्य मागे राहिलेल्या माणसाच्या नावानं शिव्या घालत बाटली उघडायला गेला तेव्हा थामनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. “फिलिप अजून आला नाही असं समज,” तो म्हणाला. त्यानंतर कुणी हात लावला नाही.

एळुमलैच्या घरी मात्र वेगळंच रामायण सुरू झालं.

मेंबर झाल्यावर त्यालाही शिक्षा व्हायला लागल्या. सगळ्यांत शेवटी आला म्हणून, दर सोमवारी. ती चेष्टाच होती आणि त्याला ती आवडायची. तो गोलात यायचा आणि बियरचा मग डोक्यावर ओतायचा. पण सायकलवरून घरी पोचेपर्यंत शर्टाला तो वास. महिनाभरानं तो माझ्या घरी आला, पायरीच्या खाली उभा राहिला.

“मास्तर, अम्मा माझ्याशी बोलत नाही. तुम्ही येऊन सांगाल का? तुमच्यावर विश्वास ठेवेल ती.”

मी गेलो. मळ्यातल्या ओळीच्या घरांपैकी शेवटचं. पाक्यम्मा ओट्यावर बसली होती, काळा चष्मा लावून. एवढीशी बाई, पण मला खुर्ची दिली ती अशी की बसावं की नाही असा प्रश्न पडावा.

“पाक्यम्मा,” मी म्हणालो, “तुमचा मुलगा पीत नाही. देवाशपथ सांगतो. तो ती डोक्यावर ओतून घेतो.”

“डोक्यावर?”

“हो. रिवाज आहे आमचा.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “शिकलेली माणसं तुम्ही,” ती म्हणाली. “मास्तर, दारू आत गेली काय नि बाहेर राहिली काय, माझ्या घरात वास तोच येतो. वीस वर्षं त्या वासाशेजारी झोपले मी. नवरा गेला तेव्हा वाटलं, सुटले. आता मुलाच्या अंगाला येतोय. तुम्ही सांगा, मी कशी झोपू?”

एळुमलै खांबाला टेकून उभा होता.

“नको जाऊस तिथं,” ती त्याला म्हणाली. “मोठ्या माणसांचे खेळ ते. तुझं काय अडलंय?”

तेव्हा तो बोलला. जमिनीकडे बघत, जणू माझ्याशीच. त्याचा बाप साम्सू प्यायचा, मळ्यात मिळायची ती जाळजाळ दारू. एका रविवारी सकाळी तो परत आला नाही म्हणून आईनं एळुमलैला शोधायला पाठवलं. तो एकोणीस वर्षांचा होता. रबराच्या झाडांच्या ओळी एकीसारखी दुसरी. तो वैतागलेला होता, रोजचंच होतं. त्यानं ओळ क्रमांक बारा धरली, टोकापर्यंत गेला, तिथे बसून विडी ओढली, आणि मग तेरावीनं परत फिरला. बाप तेराव्या ओळीतल्या चरीत पालथा पडला होता, तोंड पाण्यात. अंग अजून गरम होतं.

“मी आधी तेरावीत गेलो असतो तर,” तो म्हणाला. “विडी ओढत बसलो नसतो तर. अम्मा, मला कुणाच्या मागे राहायला भीती वाटत नाही. पुढे गेलो की वाटते. मागे कोण राहिलंय, या विचारानं पाय चालत नाहीत माझे. त्या लोकांचा नाद नाही मला. पण ते पितात, आणि पिणारा माणूस मागे वळून बघत नाही.”

पाक्यम्मानं हे चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं चष्मा काढला, ऑपरेशनचा डोळा पदरानं टिपला. शेजारच्या घरात कुणीतरी मसाला वाटत होतं, त्याचा तेवढा आवाज.

“विडी ओढलीस?” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“मी त्या दिवशी तुला पाठवायला तासभर उशीर केला,” ती म्हणाली. “मला वाटलं, पडू दे. एक दिवस तरी शांत जाऊ दे घर.”

मी उठलो. मी तिथे असायला नको होतो. निघताना तिनं मला सारसी विचारली, मी प्यायलो, आणि पेला स्वतः नळावर नेऊन विसळून ठेवला. तिनं ते पाहिलं.

पुढच्या सोमवारी एळुमलै आला तेव्हा सायकलच्या हँडलला कापडी पिशवी होती. धुतलेला शर्ट, पंचा, आणि साबणाची वडी. “अम्मानं दिलंय,” तो म्हणाला. “ओढ्यावर अंघोळ करूनच घरी यायचं, असं म्हणाली.” तेव्हापासून गोल संपला की तो ओढ्यावर जायचा, आणि ती पिशवी पाक्यम्मा चौऱ्याण्णवमध्ये गेली तोवर दर सोमवारी भरून येत राहिली. तिच्या अंत्ययात्रेला आमचे एकवीस जण गेले, कुणीही न पिता. तिच्या दाराशी तसं जाणं कुणाला शक्यच नव्हतं.

रिवाजाप्रमाणे एळुमलैलाही आमच्यात टोपणनाव मिळालं. बाकीच्यांची नावं इथे लिहिण्याजोगी नाहीत. याचं ठरवायला पाऊण तास वाद झाला आणि शेवटी थामनं ठेवलं, ‘मागचा दिवा’. लॉरीचा असतो तसा. ते बाकीच्यांच्या तुलनेत इतकं सोवळं होतं की म्होरक्यानं थामलाच शिक्षा केली.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात मरीना डिक्रूझचा मला फोन आला. नंबर तिनं बँकेतून मिळवला होता. ती इपोला कुणाच्या लग्नाला आली होती आणि तिला ती जागा पाहायची होती. मी एळुमलैला सांगितलं. तो म्हणाला, “नेतो.” मग थांबून, “त्या विचारतील का?”

“विचारतीलच.”

“मग काय सांगू?”

मी म्हणालो, “काही बोलले नाहीत म्हणून सांग. बेशुद्ध होते म्हण. तेरा वर्षं झाली, आता कशाला.” मला खरंच तसं वाटत होतं. आपण गात होतो हे त्या बाईला कळावं असं मला वाटत नव्हतं. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते सोडा.

मरीना पन्नाशीला आली होती, पांढरे बूट घालून आली होती आणि चिखलात ते खराब होताहेत याची तिला फिकीर नव्हती. एळुमलै पुढे चालला. फिलिपला शोधलं त्या दिवसानंतर मी त्याला कुणाच्या पुढे चालताना पाहिलं ते एवढ्या एकाच दिवशी. दर दहा पावलांनी मागे वळून बघत होता. चरापाशी आल्यावर ती काठावर बसली. आता तिथे तेलताडाची लागवड झाली होती, चर अर्धा बुजला होता.

“इथेच?”

“इथेच, मॅडम.”

“तुम्ही खाली उतरलात ना? मला इस्पितळात सांगितलं होतं.” तिनं मान वर केली. “तो काही बोलला का?”

एळुमलैनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो तिच्यापासून थोड्या अंतरावर, मातीतच बसला.

“बोलले,” तो म्हणाला. “म्हणाले, खालची गाणी ऐकू येत होती. आम्ही त्या मोकळ्यावर गात होतो, मॅडम. ते हाका मारत होते. आम्हाला ऐकू आलं नाही. आम्ही मोजलं नाही. मी तर त्या दिवशी आलोच नव्हतो.”

ती खालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. तिथून वडाचा शेंडा दिसतो.

“आणखी?”

“आणखी, तुमचं नाव घेतलं. पाणी मागितलं. माझ्या हाताला धरलं होतं.”

“गाणी ऐकू येत होती,” ती म्हणाली. “एवढी वर्षं मला वाटायचं, तो काळोखात, एकटा, काहीही ऐकू न येता पडला असेल. जंगलात. मला झोपेत ते दिसायचं. म्हणजे माणसं जवळ होती.” तिनं तोंडावर हात ठेवला. “त्याला सूर लावल्याशिवाय राहवलं नसणार हो. दुखत असतानासुद्धा. ओळखते ना मी त्याला.”

मग ती रडली, मोठ्यानं, बिनधास्त. एळुमलै तिथेच बसून राहिला. जी गोष्ट आम्ही तेरा वर्षं आमच्या गुन्ह्यासारखी पोटात ठेवली होती, ती तिनं अशी उचलून स्वतःकडे घेतली. आमचं त्यानं काही माफ झालं असं मला वाटत नाही, आणि तीही तसं म्हणाली नाही. उतरताना तिचा तोल गेला तेव्हा तिनं एळुमलैचा खांदा धरला आणि खालपर्यंत सोडला नाही.

परत जाताना मी त्याला म्हणालो, “बरं केलंस. मी खोटं सांगायला सांगत होतो.”

“मला खोटं जमत नाही, मास्तर,” तो म्हणाला. “वाट टाकण्यापुरतं जमतं.”

चेआह आता मुलीकडे पर्थला असतो. थाम गेला. क्लबात नवी पोरं-पोरी आहेत, मनगटावर घड्याळं अशी की कोण कुठे आहे ते त्यातच दिसतं. एळुमलै एकाहत्तरचा आहे, बहिणीच्या घरी. साखरेनं डाव्या पायाची दोन बोटं गेली, त्यामुळे चालणं बंद झालं. सोमवारी दुपारी मी त्याच्याकडे जातो. बहीण आम्हाला कॉफी देते, बिनसाखरेची, आणि आम्ही दोघं त्याबद्दल कुरकुर करतो.

गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, “या सोमवारी वाट कुठं?”

“नव्या हमरस्त्याच्या पलीकडे. पोरं म्हणतात, पुलाखालून नेऊ, छान थंड आहे.”

तो कॉफीचा पेला खाली ठेवून ताठ बसला. “कोण ससा आहे?”

“थामची नात. आणि त्या दंतवैद्याचा मुलगा.”

“फोन लावा तिला. पुलाखालून नको म्हणावं. वर टेकडीवर पाऊस पडला की इथं ऊन असतं आणि तिथं गुडघाभर पाणी येतं. लावा, मास्तर, आत्ता लावा. आणि माझ्याकडे द्या.”

मी लावला. त्यानं फोन कानाला धरला आणि पाऊण तास त्या पोरीला एकेक वळण समजावून सांगत बसला.